पंख्याकडे बघणारा बालाजी

आमच्या वरच्या खोलीतला बालाजी कुणाच्याही घरी गेला की आधी पंख्याकडे बघतो, माणसांकडे नंतर. पंखा फिरत असला तर चप्पल काढतो. बंद दिसला की दारातूनच विचारतो, "काकू, लाईट गेली का बटन बंद हाय?" लाईट गेली म्हटलं की स्वारी मोटारसायकलला किक मारून थेट आमच्या परभणीच्या मेडिकल कॉलेजात. तिथं त्याचा फ्रीझर आहे, उणे ऐंशी डिग्रीचा. त्याच्यात रक्त ठेवतो हा. माणसांचं!

घाबरू नका, मीही आधी घाबरले होते. बालाजी गोळ्या देणारा डॉक्टर नव्हे, रोग का होतो ते शोधणारा. सोनपेठकडच्या गावांत, म्हणजे माझ्या माहेराकडं, चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसांच्या किडन्या जायला लागल्यात. शुगर नाही, बीपी नाही, तरी जातात. हा एसटीनं गावोगाव हिंडून थंड डब्यात रक्ताच्या नळ्या भरून आणतो. लोक म्हणतात, "रक्त न्यायलास लेका, औषध कधी आणतूस?" एकदा जेवता जेवता मला म्हणाला, "काकू, लोक लय आशेनं बघतात. आमच्याकडं तर नुसते प्रश्न हायत."

आणि त्याचं ते एक ठेवणीतलं उत्तर! "बालाजी, पाऊस येईल का रे?" "तसं म्हणता येत न्हाई." "भाजीत मीठ बरोबर झालंय?" "एका घासावरनं तसं म्हणता येत न्हाई, काकू." मी कपाळावर हात मारून घेते. सेलूला मुलगी बघायला मीच घेऊन गेले होते. मुलीच्या वडलांनी हौसेनं विचारलं, "आमची लेक सुखात राहील ना?" मी शर्ट ओढेपर्यंत हा म्हणालासुद्धा, "आत्ताच तसं म्हणता येत न्हाई." तेवढ्यात वरचा पंखा थांबला. अरे बाबा, सेलूची लाईट गेली म्हणून परभणीची जाते का? पण हा बाहेर, कॉलेजात फोन लावायला. पोहे मी एकटीनं खाल्ले.

फक्त माझ्या चुलतीला तो हे उत्तर देत नाही. तिच्या मालकांनी, म्हणजे माझ्या काकांनी, बालाजीला रक्त दिलं आणि पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. चुलतीच्या मनानं घेतलंय की मालकांचं एवढंसं का होईना, परभणीत आहे. बालाजी दिसला की विचारते, "आमचे मालक हायत ना तिथं?"

"हायत, मावशी."

"बघून आलास?"

"बघून आलो."

आणि खरंच बघून जातो हो! गावाला निघायच्या आधी फ्रीझर उघडून काकांची नळी बघणार, मगच एसटी धरणार. न बघता कसं सांगायचं, म्हणतो.

यंदा खंडेनवमीला तो पुढच्या फेरीची नावं लिहून घ्यायला गंगाखेडकडं गेलेला. इकडं कॉलेजात दरवर्षीसारखी सगळ्यांनी यंत्रं पुसली, हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. पूजेला संस्थेचे नवे सचिव आले होते. "हत्याराला आज विसावा द्यायचा असतो," म्हणाले आणि एकेक बटन बंद करत गेले. फ्रीझर ओरडायला लागला, तर त्याचं ओरडणंही बंद केलं. साहेबांपुढं तोंड कुणी उघडायचं? ते गेल्यावर चालू करू, असं प्रत्येकाला वाटलं. मग दुसऱ्यानं केलंच असेल, असंही प्रत्येकालाच वाटलं. कुलूप लावून सगळे दसऱ्याला घरी.

आणि मेलं नेमकं तेव्हाच परभणीत लाईट एकदाही गेली नाही. दसऱ्याला आमचा पंखा गरागरा फिरत होता आणि त्याखाली बालाजी निर्धास्त पुरणपोळी खात होता.

सुट्टी संपल्यावर दार उघडलं तर फ्रीझरवर सुकलेला हार आणि खाली पाण्याचं थारोळं. सगळं रक्त नासलेलं. सचिव म्हणाले, "श्रद्धेनं केलं, मनाला लावून घेऊ नका." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बालाजी मात्र वहीतली नावं एकेक करून वाचत बसला.

"पुन्हा घे की रे रक्त," मी म्हटलं.

"कुणाचं घेऊ, काकू? त्यातली कितीतरी माणसं आता न्हाईत."



सोनं द्यायला माहेरी निघाले तर तोही आला. रिकामा थंड डबा सवयीनं मांडीवर. एसटीत म्हणाला, "मावशीला खरं सांगणार हाय. खोटं बोलायचं असतं तर या धंद्यात कशाला आलो असतो?"

चुलती ओसरीतच बसली होती. त्यानं आपट्याची पानं दिली, पाया पडला. तिनं त्याच्यावरून बोटं मोडली आणि विचारलं, "आमचे मालक हायत ना तिथं?"

बालाजीनं वर बघितलं. ओसरीला पंखा कुठला, नुसते पत्रे. तिकडंच बघत राहिला.

"हायत, मावशी."

"बघून आलास?"

"बघून आलो."

मी पदर तोंडाला लावला. चुलतीनं हातातल्या सोन्यातलं एक पान वेगळं काढलं. "मग एवढं त्यास्नी दे. दसरा झाला न्हवं."

बालाजीनं ते पान थंड डब्यात ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं.