विलास हेरेकरांचा राजीनामा

सकाळी आपल्या खोलीचं दार लोटून विलास हेरेकर आरशापुढे उभे राहिले आणि त्यांनी राज्यत्याग केला.

म्हणजे राज्य त्यांचं नव्हे. बंगळुरातल्या चंद्रमंडप रंगमंदिराचे ते दहा वर्षं संचालक होते. यंदाच्या नव्या नाटकात एक म्हातारा राजा गादी सोडतो, आणि ते काम करणारा सुरज गादी सोडण्याचं भाषण भाजी विकल्यासारखं ओरडून म्हणत होता. त्याला समजावण्याआधी स्वतः म्हणून बघावं, असं विलासरावांनी ठरवलं. नाटक कन्नड होतं, पण विलासराव मूळचे बेळगावचे. अवघड वाक्य आधी मराठीत म्हटल्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

"पुरे झालं," ते आरशाला म्हणाले. "या जागेवर बसून मी म्हातारा झालो. उद्यापासून हे घर तुमचं. आता मला जाऊ द्या."

तिसऱ्या खेपेला त्यांचा आवाज खरोखरच भरून आला. आणि त्याच वेळी शिपाई देवाप्पा दाराशी येऊन थबकला. देवाप्पा खानापूरकडचा. सगळ्या इमारतीत विलासराव सोडले तर मराठी समजणारा तो एकटाच. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पाय न वाजवता तो थेट कँटीनमध्ये गेला.

"साहेब सोडून चालले," त्यानं कँटीनवाल्या यल्लव्वाला सांगितलं. "माझ्या कानानं ऐकलो मी. रडत होते. म्हणाले, मला जाऊ द्या."

"कुणाला म्हणाले?"

"खोलीत दुसरं कुणी नव्हतं. देवाला म्हणाले असतील."

यल्लव्वाला सांगितलं म्हणजे चंद्रमंडपाच्या पाटीवर लिहिल्यासारखंच होतं. बारा वाजायच्या आत रंगपटापासून तिकीटखिडकीपर्यंत बातमी पोचली. बिचाऱ्या विलासरावांना तिचा पत्ता नव्हता. त्यांच्या मनात निराळाच घोर होता. पंधरा दिवस त्यांच्या छातीत जळजळत होतं. कालच सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, आणि त्यांची बायको पद्मावती आज जाऊन रिपोर्ट आणणार होती. ऑफिसात त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

आणि यल्लव्वा स्वतः कॉफी घेऊन आली. काठोकाठ, वाफाळती, वर दोन बोटं फेस. दहा वर्षांत त्यांना इथं अशी कॉफी मिळाली नव्हती.

"साखर जास्तच घातलीय, सर," ती डोळ्याला पदर लावत म्हणाली. "आता कशाला ते पथ्य."

विलासरावांनी पेला तसाच खाली ठेवला.

तालमीला गेले तर सुरज त्यांच्या पाया पडला. रोज मुकुटावरून, प्रकाशावरून, जाहिरातीतल्या स्वतःच्या नावाच्या आकारावरून भांडणारा सुरज.

"सर, मी तुम्हाला फार छळलं. मनात ठेवून जाऊ नका."

"जाऊ? कुठं जाऊ?"

"तुम्ही सांगितलं नाहीत तरी आम्हाला कळलंय. अजून किती दिवस आहेत?"

विलासराव समोरच्या सिंहासनावर बसले. बसले म्हणजे त्यांचे पाय गेले आणि खाली सिंहासन होतं. "कुणी सांगितलं तुला?"

"देवाप्पानं."

देवाप्पाला कसं कळलं, हे कोडं सुटायला वेळ लागला नाही. ऑफिसातला फोन देवाप्पाच घेत असे. विलासराव धडपडत वर गेले.

"देवाप्पा, माझ्यासाठी फोन आला होता?"

"घरून आला होता, सर. ताई होत्या." देवाप्पा जमिनीकडे बघत राहिला. "बोलता बोलता एकदम गप्पच झाल्या बघा. मग म्हणाल्या, आज त्यांना सांभाळून घरी पाठव."

विलासरावांनी घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलला नाही. पद्मावती कुठे गेली असेल? देवळात? की तिनं भावालाच बोलावून घेतलंय? छातीतली जळजळ एकदम वाढली.

दुपारी त्यांना मंचावर बोलावणं आलं. सगळी माणसं ओळीनं उभी होती. मंडळाच्या अध्यक्षा कावेरीअम्मा शाल आणि हार घेऊन पुढे आल्या. चेहरा गंभीर. "जाणाऱ्याला अडवू नये म्हणतात," त्यांनी सुरुवात केली. "पण असा माणूस पुन्हा मिळायचा नाही."

हार गळ्यात पडला तसा विलासरावांचा धीर सुटला. "अम्मा, मला स्पष्ट सांगा. डॉक्टर काय म्हणाले?"

"कुठले डॉक्टर?"

"मी मरतोय ना?"

कावेरीअम्मांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं. "मरताय? आम्हाला वाटलं राजीनामा देताय."

"राजीनामा? कुणी सांगितलं?"

सगळ्यांच्या माना देवाप्पाकडे वळल्या. देवाप्पानं घसा साफ केला आणि सकाळी ऐकलेलं सगळं जसंच्या तसं, कन्नडात करून म्हणून दाखवलं.

"अरे, ते महाराज बोलतात," विलासराव म्हणाले. "दुसऱ्या अंकात."

मग देवाप्पा हळूच म्हणाला, "सर, ताई सुरुवातीला म्हणाल्या होत्या, रिपोर्ट चांगला आहे, नुसतं पित्त आहे. माझी बातमी त्यांना सांगायच्या नादात तुम्हाला तेवढं सांगायचं राहिलं."

गर्दी हा हा म्हणता पांगली. कावेरीअम्मांनी शाल घडी घालून पुन्हा खोक्यात ठेवली; पुढेमागे लागेलच, म्हणाल्या. सुरजनं मुकुट डोक्याला टोचतो अशी तक्रार केली. संध्याकाळची कॉफी आली ती कोमट, बिनफेसाची, आणि यल्लव्वानं ती मेजावर आदळली. विलासराव मरत नव्हते, नोकरीही शाबूत होती. तरी आपलं काहीतरी गेलं असं त्यांना का वाटत होतं, ते काही त्यांना उमगेना.

रिक्षा घराशी थांबली तेव्हा पद्मावती दारातच होती. ठेवणीतली साडी, अंगणभर रांगोळी, घरात शेवयांच्या खिरीचा वास. दिवाणखान्यात दोन बॅगा भरून तयार.

"देवाप्पा म्हणाला तेव्हा मला शब्दच सुचेना," ती म्हणाली. "सोडलंत ना एकदाचं? मी लगेच बाहेर पडले, तिकिटंच काढून आणली. महिनाभर धारवाडला राहू दादाकडे. दहा वर्षांत तुम्ही एका सणाला पंगतीत शेवटपर्यंत बसला नाहीत. दादाच्या मुग्धाच्या लग्नात वरण वाढायच्या आत तालमीला पळालात."

विलासराव सांगायला तोंड उघडणार होते. पण तिचा चेहरा पाहून थांबले. दिवसभर पुष्कळांनी त्यांच्याकडे मायेनं पाहिलं होतं. ती माणसं जाणाऱ्यासाठी हळहळत होती. ही येणाऱ्यासाठी हरखली होती.

त्यांनी चप्पलही न काढता फोन उचलला.

"कावेरीअम्मा, हेरेकर बोलतोय. मी खरंच राजीनामा देतो. पुरे झालं. फार वर्षं बसलो त्या जागेवर. आता मला जाऊ द्या."

पलीकडून हसण्याचा आवाज आला, दोन-चार वाक्यं आली आणि फोन ठेवल्याचा खट्ट आवाज आला.

"काय म्हणाल्या?" पद्मावतीनं विचारलं.

विलासराव हातातल्या रिसीव्हरकडे बघत राहिले.

"म्हणाल्या, सरी सरी, बरोबर, आता छान जमलंय. फक्त शेवटचं वाक्य जरा हळू घ्या."