छगनभाऊंचं न बांधलेलं घर जळालं

ललितचं शहर बुडालं तेव्हा जयश्री आतल्या खोलीत भाकरी थापत होती. शहर म्हणजे कम्प्युटरवरचं. ललित साड्यांच्या बॉर्डरची डिझाइनं कम्प्युटरवर काढायचा. शेठनं ऑफिसात नवी मशीन घेतली आणि जुनी ललितच्या पर्वत पाटिया भागातल्या भाड्याच्या खोलीत पाठवून दिली, सुट्टीच्या दिवशीही त्याच्याकडून काम निघावं म्हणून. मशीनबरोबर ऑफिसातल्या कुणाच्या तरी दोन-चार फ्लॉप्या आल्या आणि फ्लॉप्यांतून शहर वसवायचा गेम आला. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी एकही बॉर्डर निघाली नाही.

गेम असा, की आपल्याला मोकळी जमीन मिळते. तिच्यावर रस्ते आखायचे, विजेच्या तारा ओढायच्या, पाण्याचे पाइप टाकायचे आणि कुठं घरं, कुठं दुकानं, कुठं कारखाने ते ठरवून द्यायचं. घरं मग माणसं आपली आपण बांधतात. आवडलं तर राहतात, नाही आवडलं तर निघून जातात. ललितच्या शहरातून ती नेहमीच निघून जायची.

जयश्री पिठाच्या हातानंच दारात येऊन उभी राहिली. "अहो, कारखान्याला चिकटवून घरं कशाला बांधलीत? धूर खायला?"

"आपण नाही राहत?" ललित म्हणाला.

"आपण भाडं परवडतं म्हणून राहतो. त्यांच्यावर काय वेळ आलीय? आणि ती तार बघा. रस्ता ओलांडायच्या आधीच संपलीय. पलीकडच्यांना लाइट कुठून येणार?"

ललितनं तार पुढं ओढली. अर्ध्या शहरात दिवे लागले. नवरा म्हणून त्याला जरा टोचलं, पण खेळणारा म्हणून इतका आनंद झाला की त्यानं खुर्ची सोडली आणि म्हणाला, "बस तू." त्या दिवशीच्या उरलेल्या भाकरी त्यानं थापल्या, आणि त्या कशा झाल्या याबद्दल दोघांनी पुन्हा कधी विषय काढला नाही.

जयश्रीचा हात बसायला दोन रविवार पुरले. ललित आधी कारखाने उभे करायचा, मग माणसांची वाट बघायचा. जयश्री आधी पाण्याची सोय करायची, मग रस्ता, मग वीज, आणि मग खुर्चीत मागं रेलून म्हणायची, "या आता." आणि माणसं यायची. कुठं बिघडलं की ललित घाबरून दिसेल ते पाडायला निघायचा. ती माउस बाजूला ठेवून नुसती बघत बसायची, पाणी कुठपर्यंत पोचतंय, लोक कुठून निघून चाललेत. मग एकच पाइप टाकायची आणि गल्ली पुन्हा भरायची. ललित शेजारी स्टूल घेऊन बसे आणि मनात म्हणे, ही बाई आपल्या वाट्याला आली कशी. हे तो तिला बोलून दाखवत नसे, कारण मग भाकरी कायमच्याच त्याच्याकडे आल्या असत्या.

त्याच सुमारास घरमालकानं दिवाळीपर्यंत खोली खाली करायला सांगितलं. दुसरी खोली शोधायची तर भाडी कडाडलेली. तेवढ्यात एक वाट निघाली. ओळखीच्या आठ कुटुंबांनी मिळून गावाबाहेर एका पटेलकाकांचा जमिनीचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ प्लॉट पाडायचे आणि घरं बांधायची असं ठरलं. पुढारपण काशिनाथदादांकडे होतं. हे मूळचे जालन्याकडचे, बांधकामावरचे मुकादम, आणि त्यांचा आवाज दुसऱ्या मजल्यावर न ओरडता पोचायचा. पटेलकाकांची अट मात्र एकच होती, सगळे मिळून घेणार असाल तरच जमीन, एक जरी गळाला तर ती दुसऱ्याला. "बधा साथे आवो तो आपूं. एक पण ओछो थयो तो बीजी पार्टी तैयार छे."

गेममध्ये जमीनही आपल्या हातानं घडवता येते हे जयश्रीला ठाऊक होतं. तिनं पटेलकाकांचा तुकडा बघून येऊन जसाच्या तसा पडद्यावर उतरवला. पुढं गोडाऊनांची रांग आणि त्यांच्यामधून जेमतेम टेम्पो जाईल एवढी वाट. मागं रेल्वेचे रूळ. उजवीकडे ऊस, आणि डावीकडे खाडी, जिच्यात चार-पाच कारखान्यांचं रंगीत पाणी सुटायचं. मग ती त्यावर गाव मांडून बघायला लागली.

एका रविवारी दुपारी काशिनाथदादा चहाला आले आणि कपबशी हातात धरून पडद्यासमोर उभेच राहिले.

"जयश्रीबाई, हे आपलंच रान की. आमचं घर कुठं धरलंय?"

गेममध्ये कुठंही नावाची पाटी लावायची सोय होती. जयश्रीनं पाहुण्याचा मान म्हणून एका घरावर 'काशिनाथ' अशी इंग्रजीतून पाटी लावली. ललितनं तिला तेव्हाच अडवायला हवं होतं, पण तो कौतुकानं बघत होता.

दुसऱ्या दिवशी जमिनीतले सगळे भागीदार आले. पहिले छगनभाऊ आले. हे लूमच्या कारखान्यात रातपाळी करायचे, त्यामुळे दिवसा कायम चिडलेले असायचे. बरोबर त्यांची बायको कलाबाई होती.

"मनं घर कोठे शे?" छगनभाऊंनी विचारलं.

त्यांना पाटी मिळाली. मग रामदासआप्पांना मिळाली. छगनभाऊ आणि रामदासआप्पा एकाच तालुक्यातले, एकाच कारखान्यातले आणि एका शिडीवरून दोन वर्षं अबोला धरलेले. शिडी कुणाची आणि ती मोडली कुणी यावर दोघांचं एकमत नव्हतं. जयश्रीला हे माहीत नव्हतं, म्हणून तिनं दोघांना भिंतीला भिंत लावून घरं दिली.

तिथून पुढं रोज संध्याकाळी ललितच्या खोलीत चपलांचा ढीग पडू लागला. या गेममधली घरं एका जागी स्वस्थ राहत नाहीत. जागा चांगली असली की जुनं घर पडून तिथं मोठी इमारत आपोआप उठते. काशिनाथदादांचं तसं झालं.

"काशिनाथले सात मजला, अन् माले पत्रानं छप्पर?" छगनभाऊ म्हणाले.

"ती आपोआप झालीय, भाऊ. मी नाही बांधली," जयश्री म्हणाली.

"आपोआप त्यानंच कसं व्हयनं?"

जयश्रीनं त्यांच्या दारात बाग दिली, तर कलाबाईंनी बागेत पोरं दंगा करतात म्हणून ती हलवायला लावली. रामदासआप्पांना पोलीस चौकी जवळ हवी होती, छगनभाऊंना ती लांब हवी होती. छगनभाऊंच्या घरासमोर जयश्रीनं आगीचा बंब ठेवला होता, त्यावर त्यांची तक्रार फारच गंभीर होती.

"घंटा वाजस दिनभर. मी रातपाळी करस. माले झोप कशी लागी?"

ललित सांगायला गेला की त्या बंबाला घंटा नाही, हा नुसता खेळ आहे. जयश्रीनं त्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि बंब गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. रस्त्यासाठी तिला बराच खटाटोप करावा लागला. गोडाऊनांमधून रस्ता रुंद होईना, रुळांवरून जाईना. शेवटी तिनं खाडीवर पूल टाकला आणि गाव भराभर वाढायला लागलं. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सगळे आपापल्या पाटीकडे बघत होते.

मग तो दिवस आला. जयश्री भाजी आणायला गेली होती. रामदासआप्पा एकटेच आले आणि ललित त्यांना आपलं ज्ञान दाखवायला बसला.

"हे बघा आप्पा, इथं संकटांची यादी असते. पूर, भूकंप, आग. इथं चुकूनही हात लावायचा नाही. म्हणजे असं," असं म्हणून त्यानं हात लावला.

आग रामदासआप्पांच्या घराला चाटून छगनभाऊंच्या घरात शिरली. बंब गावाच्या टोकावरून निघाला तेव्हा तिथं फक्त राख आणि 'छगन' ही पाटी उरली होती. आणि नेमके त्याच वेळी छगनभाऊ दारात आले.

त्यांनी पडद्याकडे बघितलं. मग रामदासआप्पांकडे बघितलं.

"मनं घर जळी गयं अन् याना बंगला तसाच उभा?"

"मी काही कयं नही," रामदासआप्पा म्हणाले. दोन वर्षांत ते छगनभाऊंशी पहिल्यांदाच बोलले होते, पण त्या क्षणी हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"बस. माले ती जमीन नको," छगनभाऊ म्हणाले आणि चपला उलट्या घालून निघून गेले.

तासाभरात बातमी सगळीकडे पसरली. काशिनाथदादा धावत आले. एक माणूस कमी झाला की पटेलकाकांची दुसरी पार्टी तयारच होती, आणि सौद्याला दोनच दिवस राहिले होते. ललित स्टुलावर डोकं धरून बसला. एका बोटानं त्यानं आठ घरं पाडली होती. त्यातलं एक त्याचं स्वतःचं होतं, आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड कुठल्या फुटपाथवर मांडायचं हेही त्याला सुचेना.

जयश्री भाजीची पिशवी घेऊन आली, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ललितला एक शब्दही बोलली नाही. एवढ्यावरून त्याला प्रकरणाची खोली कळली. ती तशीच छगनभाऊंच्या घरी गेली.

"भाऊ, तुमचं घर मी जपून ठेवलंय. बघायला चला."

घर जळाल्यावर जपून कसं ठेवतात हे कलाबाईंना कळेना, म्हणून त्याही आल्या. जयश्री रोज खुर्चीवरून उठण्याआधी गाव मशीनमध्ये साठवून ठेवायची. तिनं आदल्या दिवशीचं गाव उघडलं. छगनभाऊंचं घर धडधाकट उभं होतं. छगनभाऊंचा चेहरा थोडा सैल झाला, पण पूर्ण नाही.

"आता मघाशी झालं त्याची भरपाई," जयश्री म्हणाली. "तुम्ही आप्पांचं घर पेटवा."

अजून तिथंच बसलेले रामदासआप्पा स्टुलावरून उठले. "अरे, मनं काब्र?"

"बसा आप्पा," जयश्री म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की ते बसले.

छगनभाऊंनी माउस दोन्ही हातांनी धरला आणि मोठ्या समाधानानं रामदासआप्पांचं घर पेटवलं. समाधान फार वेळ टिकलं नाही. भिंतीला भिंत होती. आग सरळ त्यांच्याच घराकडे वळली.

"आठे उनी, आठे उनी," रामदासआप्पा इकडे सरकणाऱ्या आगीकडे बोट दाखवत म्हणाले. "बंब बोलाव ना छगन."

"कोठून बोलावू? तो पार त्या टोकले शे."

"कोणी ठेवा त्याले तठे?"

छगनभाऊंनी माउस खाली ठेवला. जयश्रीनं पुन्हा जुनं गाव उघडलं, बंब त्यांच्या दारात आणून ठेवला आणि माउस परत त्यांच्या हाती दिला. या वेळी आग लागल्यावर छगनभाऊ बंब हलवत होते आणि रामदासआप्पा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून दिशा सांगत होते. दोन्ही घरं वाचली. दोघांना घाम फुटला होता. कलाबाईंनी दोघांना एकाच तांब्यातून पाणी दिलं आणि शिडीचं नाव कुणी काढलं नाही. ललितला वाटलं, हिला खरोखरचं शहर दिलं असतं तरी हिनं ते असंच चालवलं असतं.

सौदा झाला. प्लॉट वाटायच्या दिवशी आठही कुटुंबं रानात जमली. काशिनाथदादा चिठ्ठ्या टाकायला निघाले तेव्हा छगनभाऊच म्हणाले, "चिठ्ठ्या कसाले? जयश्रीबाईले इचारा." मग जयश्री सांगत गेली आणि लोक पडद्यावर उभे होते तसे जागेवर जाऊन उभे राहिले. छगनभाऊ आणि रामदासआप्पा शेजारी शेजारी उभे राहिले. शेवटी एकच प्लॉट उरला, खाडीच्या काठचा. वारा तिकडूनच येत होता. सगळे जमिनीकडे बघायला लागले.

"कुणाला हवाय?" जयश्रीनं विचारलं. ती पुरेसा वेळ थांबली, पण कुणी मान वर केली नाही. "मग आम्ही घेतो."

काशिनाथदादा पुढं आले. "असं मन लागतं," ते म्हणाले, "सगळ्यांना चांगलं देऊन स्वतः मागं राहायचं." त्यांनी मुहूर्ताचा नारळ जयश्रीच्या हातात दिला.

ललित मात्र हिरमुसला होता. कौतुकालाही काही सीमा असते. तो तिला खाडीच्या काठावर बाजूला घेऊन गेला.

"आयुष्यभर हा वास घ्यायचा?" तो नाक दाबून म्हणाला.

"पूल होईपर्यंत."

"कुठला पूल?"

"आपल्या गावात होता तो." तिनं पदर सावरला. "गाव वाढलं की मोठा रस्ता लागतोच. पुढून गोडाऊनं अडवतात, मागून रूळ. कसंही मांडलं तरी शेवटी खाडीवरच पूल टाकावा लागतो. आणि पुलाच्या तोंडाशी पहिलं घर आपलं आहे. खाली दुकान काढू, वर राहू."

ललितनं नाकावरचा हात काढला. "आणि तू हे कुणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? महिनाभर सगळे समोर बसून तोच पूल बघत होते. पण जो तो आपलंच घर बघत होता."

ललितच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं.

"हसू नका," जयश्री हळूच म्हणाली. "कलाबाई येतायत. तोंड पाडून उभे राहा."

ललितनं मान खाली घातली आणि आपली आजवर बुडालेली सगळी शहरं एकेक करून आठवली. कलाबाईंनी जवळ येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"मन लहान करू नको रे भाऊ," त्या म्हणाल्या. "वासनी सवय व्हई जास."

ललितनं जमेल तितका लांब उसासा सोडला.