गार्लंड टिपेटची उजवी कूस

गार्लंड टिपेट बेडरूममधल्या आरशासमोर सुटाबुटात उभा होता आणि त्याचा मेहुणा रॉय डीन त्याच्याभोवती शिंप्यासारखा गोल गोल फिरत होता. पलंगावर बसून नेल्डा, म्हणजे गार्लंडची बायको आणि रॉय डीनची बहीण, चवळीच्या शेंगा सोलत हे सगळं बघत होती.

पिस्तूल वाढदिवसाची भेट म्हणून रॉय डीननेच दिलं होतं. नेल्डाच्या माहेरी पुरुषमाणूस पिस्तुलाशिवाय दूध आणायलासुद्धा बाहेर पडत नाही. बँकेत नोकरी करणारा जावई मोकळ्या कमरेने हिंडतो, ही गोष्ट त्या घराण्याला बरीच वर्षं सलत होती. टेक्सास सरकारची काही हरकत नव्हती. हरकत होती बँकेची. कर्मचाऱ्याच्या अंगावर हत्यार सापडलं तर त्याच दिवशी घरी, असा तिथे सरळ नियम होता. आणि गार्लंडला तर त्याच बँकेत मॅनेजर व्हायचं होतं. म्हातारे मॅनेजर उन्हाळ्यानंतर निवृत्त होणार होते आणि त्या खुर्चीकडे दोघंच डोळे लावून होते, एक गार्लंड आणि दुसरा ट्रॉय हॅम्लिन.

"मग बँकेत नेऊच नको ना," नेल्डा म्हणाली.

"नेऊ नको काय? अगं, दरोडा बँकेवर पडतो की ब्यूटी पार्लरवर?" रॉय डीन म्हणाला. "दिसलं तर नियम. दिसलंच नाही तर कसला नियम?"

सुटात पिस्तूल कसं लपवायचं याचं एक शास्त्र असतं आणि रॉय डीनने ते मेहुण्याला इत्थंभूत शिकवलं. पिस्तुलाचं म्यान पँटच्या आत खोचायचं असल्यामुळे ती कमरेला दोन इंच ढगळ हवी. पट्टा जाड हवा. कोट गडद रंगाचा, अंगाला सैल, आणि कितीही उकडलं तरी तो काढायचा नाही. खाली पडलेलं काही उचलायचं झालं तर कमरेत वाकायचं नाही, कारण मागून कोटाला टेंगूळ येतं. पाठ ताठ ठेवून गुडघे मोडायचे आणि सावकाश खाली जायचं. कुणी मिठी मारायला आलं तर अंग वळवून डावा खांदा पुढे करायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिस्तुलाला हात लावायचा नाही.

"नवशिका तिथेच घावतो," रॉय डीन म्हणाला. "सारखा चाचपतो. आहे की गेलं."

"कुठे जाणार आहे ते?" नेल्डाने विचारलं.

"तेच तर."

गार्लंडने सगळे नियम पाळले, शेवटचा सोडून.

लोखंड जड असतं. दुपारपर्यंत ते कमरेला रुतायचं आणि गार्लंडचं सगळं अंग उजवीकडे कलायचं. त्या ढगळ पँटमुळे तो एकाएकी वाळल्यासारखा दिसायला लागला. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याचं कोपर दर थोड्या वेळाने गुपचूप कुशीला टेकून यायचं. जुलै महिन्यात बाकीचे शर्टाच्या बाह्या सारून बसलेले असताना हा कोटाची बटणं लावून बसायचा. पेन पडलं तर उचलायला असा खाली जायचा की बघणाऱ्याने हात द्यायला पुढे व्हावं. आणि बाथरूममध्ये पँट खाली घेताना ते जड धूड ठेवायचं कुठे, हा प्रश्न रॉय डीनने सोडवून दिला नव्हता. टाकीवर ठेवलं तर विसरायची भीती, फरशीवर ठेवलं तर शेजारच्याला फटीतून दिसायची भीती. त्यामुळे गार्लंड आत गेला की बराच वेळ बाहेर येत नसे, आणि आला की घामाघूम असे.

हे सगळं शेल्बी बघत होती. शेल्बी पैसे देण्याघेण्याच्या खिडकीवर बसायची आणि मनाने फार हळवी होती.

"मिस्टर टिपेट, एक विचारू? रागावणार नाही ना?" एके दिवशी ती त्याच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली. "दुखतं का हो तिथे?"

गार्लंडचं कोपर नेमकं तेव्हा कुशीवर होतं. नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न आला असता, मग हात का लावता. तो टाळायचा म्हणून तो म्हणाला, "थोडंसं."

"कधीपासून?"

"वाढदिवसापासून."

"माझ्या आजोबांचंही असंच होतं. उजव्याच बाजूला."

"मग?"

"मग काही नाही," शेल्बी म्हणाली आणि डोळे पुसत खिडकीवर जाऊन बसली.

आता, आमच्या गावात दुसऱ्याच्या घरातली गोष्ट तिसऱ्याला सांगितली तर तिला चहाडी म्हणतात. पण तीच गोष्ट 'यांच्यासाठी प्रार्थना करा गं' असं म्हणून सांगितली की पुण्य लागतं. चर्चची प्रार्थनेची साखळी म्हणून एक प्रकार आहे. कुणावर संकट आलं की पहिली बाई दुसरीला फोन करते, दुसरी तिसरीला, आणि सगळं गाव एकाच वेळी देवाला साकडं घालतं. या साखळीचं टोक ओपलमावशींच्या हातात असतं. शेल्बीने मावशींना फोन केला तेव्हा गार्लंडच्या कुशीत दुखत होतं. साखळीच्या मध्यावर ते यकृत झालं. शेवटच्या बाईला कळलं तेव्हा डॅलसच्या डॉक्टरांनी हात टेकलेले होते.

संध्याकाळपासून टिपेटांच्या दाराची घंटा वाजायला लागली. आमच्याकडे आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. पसरट काचेच्या भांड्यांतून ओव्हनमध्ये भाजलेलं चिकन आलं, चीजच्या जाड थराखाली नूडल्स आल्या, बटाटे आले, परत चिकन आलं. ओपलमावशींनी दारातच नेल्डाला छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "किती धीराची गं तू." नेल्डाला हसू आवरेना म्हणून तिने ॲप्रन तोंडाला लावला. ते हसूही हुंदकाच ठरलं.

फ्रिज भरला, शेजाऱ्यांचा फ्रिज भरला, तेव्हा मात्र नेल्डाचं हसू संपलं.

"मला आज वाणसामानाच्या दुकानात दोघी जणी विचारत होत्या, घर विकणार का म्हणून," ती म्हणाली. "उद्या ते पिस्तूल कपाटात ठेव. ताठ चाल, कोट काढ, चारचौघांत वाकून दाखव. विषय संपला."

गार्लंडलाही ते पटलं, कारण त्याच्या मनात वेगळीच धास्ती होती. ट्रॉय हॅम्लिन रोज सकाळी चड्डी घालून हमरस्त्यावरून पळायचा. तो पळताना पाहिला की त्याचं काळीज किती दणकट आहे ते गिऱ्हाइकांनाही कळायचं. अशा माणसाला सोडून आजाऱ्याला मॅनेजर कोण करणार?

दुसऱ्या दिवशी तो मोकळ्या कमरेने बँकेत गेला. अंग पिसासारखं हलकं झालं होतं. सगळ्यांच्या देखत कोट काढायचा, एक पेन मुद्दाम पाडायचं आणि झटकन उचलायचं, असं त्याने ठरवलं होतं. तेवढ्यात मालकांचं बोलावणं आलं.

बँकेचे मालक ऑर्विल स्टॅगनर म्हणजे जुनं खोड. आजोबांपासून बँक चालत आलेली. त्यांच्या खोलीत ट्रॉय होता, शेल्बी होती, निवृत्त होणारे मॅनेजर होते, आणि सगळे अंत्यविधीला उभं राहावं तसे हात समोर जुळवून उभे होते.

"बस, गार्लंड. उभा राहू नकोस."

"मी अगदी ठणठणीत आहे, साहेब. हे बघा," म्हणत गार्लंड कोटाची बटणं काढायला लागला.

"असू दे, असू दे तो कोट. आमच्यापुढे कशाला शूरपणा दाखवतोस?" मालकांचा आवाज कापला. शेल्बीने नाक पुसलं.

मालक बराच वेळ बोलले. त्याचा सारांश असा, की गार्लंडने उमेदीची सगळी वर्षं या बँकेत घातली, मॅनेजर होण्याची त्याची इच्छा सगळ्यांना ठाऊक होती, आणि माणसाची इच्छा राहून जाऊ नये. त्यांचं काही ठरत नव्हतं. पण काल ट्रॉय आपण होऊन त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, साहेब, आधी गार्लंडला बसवा, माझ्यापुढे अख्खं आयुष्य पडलंय. हे ऐकताना ट्रॉय विनयाने बुटांकडे बघत होता.

"नाताळपर्यंत तरी खुर्ची तुझी," मालक म्हणाले. "पुढचं देवाच्या हाती."

ट्रॉयने पुढे होऊन गार्लंडचा हात दोन्ही हातांत घेतला. "सावकाश होऊ दे, गार्लंड. मला घाई नाही."

खरं सांगायचं असेल तर हीच वेळ होती. गार्लंडने तोंड उघडलंही. समोरच्या दाराला नवी पितळी पाटी टेकून ठेवलेली त्याला दिसली, तिच्यावर त्याचं नाव होतं. त्याचा उजवा खांदा हळूहळू खाली आला आणि कोपर आपसूक कुशीला जाऊन टेकलं. तिथे काहीच नव्हतं.

"फार आभारी आहे, साहेब," तो म्हणाला, जरा दम लागल्यासारखा.

घरी नेल्डाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आता तुला आजारी राहायचंय."

"नाताळपर्यंत."

"आणि नाताळनंतर?"

गार्लंडने फ्रिज उघडून चिकनचं एक भांडं बाहेर काढलं.

मोकळ्या कमरेने आजारी राहणं वाटतं तितकं सोपं नाही, हे लवकरच दिसून आलं. गार्लंड विसरायचा. एकदा तर तो डावीकडे कलला. एकदा जिने दणादण चढून आला आणि वर ओपलमावशी उभ्या. "पोचली की गं प्रार्थना," असं म्हणत त्यांनी तिथूनच दोघींना फोन लावला. संध्याकाळी ट्रॉय घरी आला, सोफ्यावर बसला आणि, बरं वाटतंय असं ऐकलं, खरं का, असं त्याने इतक्या बारीक नजरेने विचारलं की दुसऱ्या दिवशी गार्लंडने पिस्तूल पुन्हा कमरेला खोचलं. वजन आलं, तसा आजारही आला.

आता तो मॅनेजर होता, त्यामुळे बँकेचे नियम कर्मचाऱ्यांना वाचून दाखवणं त्याच्याच वाट्याला आलं. हत्यारांच्या नियमापाशी त्याचा आवाज थरथरला आणि हात कुशीकडे गेला. शेल्बीने उठून त्याला पाणी दिलं.

रॉय डीनचा ऊर भरून आला होता. "इतके महिने झाले, एकाला तरी संशय आला?" तो नेल्डाला म्हणाला. "अख्खं गाव त्याच्या कमरेकडे बघतं आणि कुणाला दिसत नाही. असं लपवलेलं पिस्तूल मी उभ्या टेक्सासात पाहिलं नाही."

नाताळ आला आणि गेला. गार्लंड होता तिथेच होता.

मरणाऱ्या माणसाचं आमच्या गावात फार करतात, पण त्यालाही काही मुदत असते. चिकन यायचं बंद होऊन घेवड्याची उसळ यायला लागली. मग दुकानातला विकतचा केक आला, किमतीच्या चिठ्ठीसकट. मग काहीच आलं नाही, आणि बायका आपापली काचेची भांडी परत मागायला आल्या. मालक अधूनमधून खोलीत डोकवायचे. "डॉक्टर काय म्हणतात?" गार्लंड सांगायचा, ते काहीच म्हणत नाहीत. हे खरंच होतं. ट्रॉय एकदा मॅनेजरच्या खोलीच्या खिडकीला टेप लावून पडद्याचं माप घेताना शेल्बीला दिसला. तिने विचारलं तर म्हणाला, सहज.

गार्लंडची गंमत अशी झाली की त्याला बरंही होता येईना. खुर्ची मिळाली होती ती जाणाऱ्याला मिळाली होती. बरा झाला तर ती ट्रॉयची. खरं सांगितलं तर खुर्ची आणि नोकरी दोन्ही गेली. उरला मधला मार्ग, म्हणजे रोज थोडं थोडं मरत राहायचं आणि पूर्ण काही व्हायचं नाही. तो तसं करत होता.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी चर्चमध्ये पाद्रींनी विचारलं, कुणाला कुणासाठी काही मागायचं आहे का. ओपलमावशी उठून उभ्या राहिल्या. पहिल्या रांगेत नेल्डाशेजारी बसलेल्या गार्लंडकडे त्यांनी मायेने पाहिलं.

"आपण सगळ्यांनी इतके दिवस देवाकडे याचं बरं होणं मागितलं," त्या म्हणाल्या. "मला रात्री वाटलं, आपण चुकीचं तर मागत नाही ना? देवाच्या मनात तसं नसेल, तर या बिचाऱ्याला आपणच अडवून धरलंय. आता असं मागू या, की याची सुटका होवो. लवकर आणि त्रास न होता."

सगळ्या चर्चभर मोकळा श्वास सुटला. हे मनात सगळ्यांच्याच होतं, बोलायचं कुणी एवढंच राहिलं होतं. मालकांनी मान डोलावली. शेल्बी रडली, पण होकारार्थी.

प्रार्थना कुणी म्हणायची असा प्रश्न आला तेव्हा ट्रॉय हॅम्लिन आधीच अर्धा उठला होता. तो पुढे आला, गार्लंडच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि अशी कळकळीची प्रार्थना केली की मागच्या रांगेतल्या पुरुषांनीही रुमाल काढले. प्रभू, हा तुझा सेवक थकला आहे, याला वसंतापर्यंत ताटकळत ठेवू नकोस, असं तो दोनदा म्हणाला.

"आमेन," सगळे म्हणाले. नेल्डाही म्हणाली, आणि या वेळी तिने तोंडाला काही लावलं नव्हतं.

मग शांतता झाली आणि ती काही संपेना. गार्लंडने डोळे उघडून पाहिलं. ट्रॉयचा हात अजून खांद्यावर होता, ओपलमावशींचा एक डोळा उघडा होता, आणि अख्खं गाव थांबलं होतं, कारण एक आमेन कमी पडत होतं.

गार्लंडने कोपर कुशीला टेकवलं.

"आमेन," तो म्हणाला.