नऊशे डॉलरचा बैल

कोर्टात वस्तूची किंमत पाडायची कशी, हे अख्ख्या टेक्सासात कुणाकडून शिकायचं असेल तर माझ्याकडून शिका! असं मी स्वतः सासरेबुवांना ठणकावून सांगितलं होतं. सासरेबुवा म्हणजे ह्यूगो श्रेडर. लबक शहरात बारवाल्यांना सामानासाठी कर्ज देणारी त्यांची पेढी आहे आणि मी, डॅरेल पिकन्स, त्या पेढीवरचा वसुलीवाला जावई.

प्रकरण असं. ओपल टिडवेलबाईंनी तीन वर्षांपूर्वी आमच्याकडून कर्ज काढून आपल्या बारमध्ये विजेवर उधळणारा बैल बसवला. लोक पैसे मोजून त्याच्यावर बसायचे आणि पडायचे. तो बैल आमच्याकडे तारण. चौदा हजार डॉलर बाकी असताना बाईंनी दिवाळखोरीचा अर्ज टाकला! आता अर्ज पडला की वसुलीवर कोर्टाची स्थगिती आपोआप लागते. तारण आपलं, पण हात लावायचा नाही. लांबून बघत बसायचं!

"स्थगिती उठवून बैल घेऊन ये," सासरेबुवा म्हणाले, "त्याच दिवशी तुला भागीदार करतो."

"आणलाच समजा! बैलाची किंमत कर्जापेक्षा कमी आहे आणि तो रोज आणखी झिजतोय, एवढं दाखवलं की जजबाई स्थगिती उठवतात. पार भंगारात काढतो त्याला!"

दुसऱ्याच दिवशी मी पाहणीला गेलो. बारमध्ये ओपलबाई चिली, म्हणजे मांसाचा तिखट रस्सा, ढवळत होत्या.

"ये रे सोन्या! बघ काय बघायचं ते."

"कातडं फाटलंय," मी तोंड वाकडं करून म्हणालो.

"शेपूटही गेलंय. तेही सांग की."

"मोटर कुरकुरते."

"कुरकुरते? अरे, रडते बिचारी! आणि डावं शिंग मी गोंदानं चिकटवलंय, ते विसरू नकोस हं!"

असा कर्जदार देव सगळ्यांना देवो! मला तर बाईंची कीवच आली. मोटर कितपत मेलीय ते बघावं म्हणून मी वर चढलो. बाईंनी बटण दाबलं. पुढचं मला नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी बैलाभोवती अंथरलेल्या गादीच्या पार पलीकडे, नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्सला मिठी मारून बसलो होतो आणि गिऱ्हाइकं टाळ्या पिटत होती.

"लागलं का रे? बघ, धोकादायकही आहे मेला! आणखी पाड किंमत!"

पाडली! थेट नऊशे डॉलर!

सुनावणीला सासरेबुवा नवी हॅट घालून पहिल्या बाकावर. मी शपथ घेतली आणि बैलाची अशी काही दैना वर्णन केली की कोर्टाचा कारकूनसुद्धा हळहळला. "नऊशेच्या वर कुणी एक डॉलर देणार नाही, जजबाई!"

जजबाईंनी ओपलबाईंच्या वकिलांना विचारलं, "तुमची हरकत?"

ग्विड्रीवकील उठले. "मुळीच नाही. नऊशे आम्हाला मान्य."

मी सासरेबुवांना डोळा मारला.

"मात्र," वकील पुढे म्हणाले, "बार चालतो तो या बैलावर. त्याचा विमा उतरवलाय. तारणाची जी किंमत आहे ती आम्ही व्याजासकट पूर्ण फेडू. म्हणजे नऊशे. उरलेल्या तेरा हजार शंभरांना तारणच नाही, तेव्हा ते बाईंच्या बाकी उधारीवाल्यांबरोबर, बिअरवाल्याच्या आणि पाववाल्याच्या रांगेत उभे राहतील. डॉलरला तीन सेंट मिळतील."

मी ताडकन उठलो.

"थांबा, थांबा! चौदा हजारांचा बैल आहे तो! धडधाकट! मला ज्यूकबॉक्सपर्यंत भिरकावलंय त्यानं!"

जजबाईंनी चष्मा काढला. "मिस्टर पिकन्स, मघाशी शपथेवर सांगितलंत ते खोटं होतं का?"

दारातला पोलीस उगाचच एक पाऊल पुढे सरकला.

"न... नऊशेच, जजबाई."

"मग स्थगिती कायम!"

बाहेर पडताना ओपलबाईंनी माझा गालगुच्चा घेतला. "गुणाचं पोर गं बाई! रविवारी ये, तुला फुकट बसवते!"

सासरेबुवा पायऱ्यांवर थांबले होते. चिडलेले अजिबात दिसत नव्हते, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, बैल नाही आला, पण जाऊ दे. केलं तुम्हाला भागीदार!"

"काय सांगता!"

"या एवढ्या एका कर्जात. नऊशे माझे, तेरा हजार शंभर तुमचे."