सायलेन्सरखालचा कट

"मी आता जे सांगणार, त्यावर तुमच्यापैकी एकही माणूस विश्वास ठेवणार नाही," खापा गावी बारशाची पंगत उठल्यावर मनोहरराव सतरंजीवर ऐसपैस बसत म्हणाले.

"नाहीच ठेवत," सुपारी कातरता कातरता त्यांच्या थोरल्या मेहुणीने, यमुताईंनी, कबूल करून टाकलं. "तरी सांगा. जेवण जिरवायचं आहे."

मनोहररावांनी हे प्रोत्साहन मानलं. नंदनवन वस्तीतले ते एकमेव खाजगी गुप्तहेर. खाजगी इतके, की आजवर एकाही गिऱ्हाइकाला त्यांचा सुगावा लागला नव्हता. उमेद कारकुनीत गेली, पण नजर घारीची. चष्मा काढला की ती घार जरा धुक्यात उडायची, एवढंच.

या खेपेला गुन्हा घडला होता त्यांच्याच अंगणात. गाडी तीस वर्षांची, सायलेन्सरला भोक. ती सुरू केली की पलीकडच्या सक्करदऱ्यापर्यंत लोक खिडक्या लावून घेत. नवा सायलेन्सर घरात येऊन पडला होता; पण जुना तीन गंजक्या नटांना धरून लटकला होता आणि नट काही जागा सोडत नव्हते. बारशाच्या आत ते निघाले नाहीत, तर खाप्याला धाकटा साडू कृष्णकांत याच्या कोऱ्या गाडीतून जावं लागणार. कृष्णकांत पाहुण्यांना चपला काढून गाडीत बसवतो आणि वर त्या चपला त्यांच्याच हातात देतो.

"त्यापेक्षा मी पायी जाईन," मनोहरराव पत्नीला म्हणाले.

"कोपऱ्यावरून दही आणाले गाडी काढता तुम्ही," सुमतीबाई म्हणाल्या.

मग मनोहररावांनी शास्त्रशुद्ध मारा सुरू केला. नटांवर गंज सोडवायचं तेल ओतायचं, गाडी सुरू करून लोखंड तापवायचं, थंड झालं की पुन्हा तेल. दोन दिवस अशी सेवा झाल्यावर नट सैल व्हायचे राहिले बाजूला, त्यांच्यावर काळा, चकचकीत थर चढला. पाना बसेचना.

"वेल्डिंग," गाडीखालून आवाज आला. "आपण झोपेत असताना कोणीतरी वेल्डिंग करून गेलं."

"वेल्डिंगचा उजेड पडते. मले दिसला असता."

"म्हणजे उजेड न पडणारं. परदेशी असणार."

दुपारी तुळशीपासून सायलेन्सरपर्यंत मुंग्यांची रांग लागली.

"विषप्रयोग," मनोहरराव हळूच म्हणाले.

"विषाले मुंग्या लागतात काय?"

"गोड विष असेल तर?"

सुमतीबाईंनी विळी पुढे ओढली आणि भाजीत लक्ष घातलं.

संध्याकाळी गल्लीतला कुत्रा गाडीखाली शिरून मन लावून नट चाटू लागला. मनोहररावांना सगळा कट लख्ख दिसला. कुत्रा कृष्णकांतने पढवलेला. लाळेने गंज पिकवायला पाठवलेला. त्यांनी गाडी सुरू केली तर अंगणभर संत्रा बर्फीचा वास पसरला. शेजारीण कुंपणावरून विचारून गेली, काय करून राहिले म्हणून.

"शत्रू आपल्याला भुलवून राहिला, सुमती. वास घेऊ नको."

तेवढ्यात संशयित स्वतःच, निघायची वेळ ठरवायला, दारात हजर झाला. सुमतीबाईंनी फडताळातून संत्र्याच्या सरबताच्या पाकाची बाटली काढून पेला भरला. कृष्णकांतने तो नाकापर्यंत नेला आणि अदबीने खाली ठेवला.

"ताई, यात संत्रं कमी अन् रॉकेल जास्त वाटून राहिलं."

सुमतीबाईंनी बाटली हुंगली. मग नवऱ्याकडे पाहिलं. घरात काय काय आहे हे हेरांना कळू नये, म्हणून मनोहररावांनी दिवाळीत घरातल्या यच्चयावत बाटल्यांवरचे कागद सोलून काढले होते.

त्यांनी चहाला ठेवलेलं उकळतं पाणी उचललं, गाडीखाली वाकल्या आणि नटांवर ओतलं. काळा थर विरघळून ओघळला, जिलबीचं पातेलं धुतल्यासारखा. आत तिन्ही नट शाबूत.

"दोन दिवस नटांले पाकात मुरवून राहिले तुम्ही," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी वर्ख लावला असता."

खाप्याच्या सतरंजीवर मात्र ही कथा जरा वेगळी निघाली. तिथे उकळतं पाणी मनोहररावांनीच ओतलं.

"मुंग्यांची चाल पाहिली आणि मनात म्हटलं, पाक. तिन्ही नट चिमटीने काढले. नवा सायलेन्सर बसवला, आणि आज गाडी अशी आणली, अशी आणली, की कन्हान नदीच्या पुलाखालच्या बगळ्यांनी मानसुद्धा वळवली नाही."

सुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. कृष्णकांत छताकडे बघत बसला. यमुताईंचा अडकित्ता थांबला.

"बगळ्यांचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "सकाळी कृष्णकांतच्या गाडीतून कुडकुडत उतरले, एसी लय लागला म्हणून माही शाल मागून घेतली, अन् अजून पांघरून बसले आहेत, ते कोण मग, मनोहरराव?"