चार भोकांचं सील

बाबारावांच्या घरी लोणचं खायचं असेल तर दोन पंच लागतात. बरणीच्या तोंडावर फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाल लाखेचं सील. जेवायच्या वेळी बाबाराव गल्लीतून जाणाऱ्या कुणाही दोघांना आत बोलावतात, सील शाबूत असल्याची खात्री करायला लावतात, एका कागदावर त्यांच्या सह्या घेतात आणि मग बरणी उघडतात. पंच जेवूनच जातात. कारवाई अर्धवट सोडता येत नाही, असं बाबारावांचं म्हणणं.

तेहतीस वर्षं ते कृषी कार्यालयात शिपाई होते. दुकानातल्या कीटकनाशकाचा नमुना घ्यायला साहेब निघाले की लाख, मेणबत्ती आणि सुतळीची पिशवी घेऊन बाबाराव मागे. नमुन्याचे तीन भाग व्हायचे. एक दुकानदाराला, एक प्रयोगशाळेला, एक कोर्टासाठी राखून. सही साहेबांची, सील बाबारावांचं. साहेब बदलत गेले, बाबाराव तिथेच राहिले. त्यामुळे कायदा म्हणजे आपणच अशी त्यांची समजूत झाली आणि ती अगदीच चुकीची होती असं मला म्हणवत नाही. फक्त अहवाल यायचा तो साहेबांच्या टेबलावर, बंद पाकिटात, कधी कधी ते साहेब बदलून गेल्यावर. नमुन्यात काय निघालं ते बाबारावांना कुणी सांगितलं नाही.

"मी नुसता तोंड बांधणारा, मास्तर," ते मला म्हणायचे. "आतलं बोलायचा हुकूम न्हवता."

निवृत्त होऊन ते पाथरीकडच्या आमच्या गावी आले ते ही पिशवी घेऊनच. पितळी शिक्का कार्यालयात जमा करावा लागला, म्हणून आपल्या जुन्या खाकी कोटाचं बटण लाखेवर दाबायला लागले. गावात कुणी भाजी आणली की यांचा पहिला प्रश्न, "फवारणी कधीची?" एका लग्नात त्यांनी हे नवरीच्या बापाला, तो आग्रहाने वाढत असताना विचारलं. किडलेलं वांगं दिसलं की मात्र चेहरा खुलायचा. "हे घ्या मास्तर. आळीची सही हाय ह्याच्यावर."

लोक हसायचे. मीही हसायचो. सप्ताहाच्या शेवटच्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी काल्याच्या कीर्तनानंतर सगळ्या गावाचं जेवण होतं. प्रमुख पाहुणे तालुक्याचे पुढारी भाऊसाहेब. फलकावर त्यांचा फोटो पांडुरंगापेक्षा मोठा होता. पण हात जोडलेले होते, तेवढी विनम्रता पाळली होती. मंडपामागे कढया चढल्या होत्या. बायका विळ्या घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे वांग्यांची चार पोती. ती म्हाळूने दिलेली. म्हाळू मेंढरंवाला. त्या वर्षी त्याची मेंढरं रोगातून वाचली, तेव्हा त्याने विहिरीवरची सगळी वांगी देवाला बोलली होती.

बाबारावांनी एक वांगं उचललं. फिरवून पाहिलं. दुसरं उचललं. मग खाली बसून दहा-बारा पाहिली. देठाजवळ नखाने खरवडलं. पांढरट डाग होते.

"म्हाळू, किडकं एक बी न्हाई."

"देवाची किरपा, मामा."

"देव आळ्या येचत बसत न्हाई. फवारणी कधीची?"

"लय दिस झाले."

"बाटली आण."

"फेकली."

बाबाराव उठले. विळीवर बसलेल्या बायकांना म्हणाले, "हात धुवा समद्या. साबणानं." आणि पिशवीतून मेणबत्ती काढली. पोत्यांची तोंडं त्यांनी सुतळीने आवळली, लाख वितळवली आणि चारही गाठींवर बटण दाबलं. हे इतक्या शांतपणे चाललं होतं की सील झाल्यावरच लोकांना राग आला.

"मामा, हजार माणूस जेवायचंय! खेळ लावला का?"

"कीर्तन संपत आलंय. भाजी कधी शिजायची?"

एकाने पोत्याला हात घातला. बाबाराव पोत्यावर बसले. भाऊसाहेब गलका ऐकून मागे आले, बरोबर त्यांची माणसं. त्यांनी वाकून सील पाहिलं.

"काका, हा चार भोकांचा शिक्का कोणत्या खात्याचा?"

मंडपामागे हशा पिकला. बाबाराव हसले नाहीत.

"तुम्ही शिपाई होता ना? तेही निवृत्त. कुठल्या अधिकारात बसलात?"

"अधिकार न्हाई, साहेब."

"मग उठा. महाप्रसाद आहे. देव बघून घेईल."

"देवानं लेबल वाचलेलं न्हाई."

भाऊसाहेबांच्या दोन माणसांनी बाबारावांच्या काखेत हात घातले. सत्तरीचा माणूस, उचलला तर पोत्याहून हलका. मी गर्दीत एक पाऊल मागे सरकलो. चाळीस वर्षं मुलांना धैर्यावर निबंध लिहायला लावल्याचा हा परिणाम असावा.

तेवढ्यात बाबाराव ओरडले. भाऊसाहेबांकडे नाही, म्हाळूकडे पाहून.

"उठतो! पर पयलं ताट धुरपतमायला वाढायचं. म्हाळू, तू आपल्या हातानं वाढ. हो म्हण, मी उठतो."

धुरपतमाय म्हणजे म्हाळूची आई. विळी पुढे घेऊन तिथेच बसली होती. तिने लेकाकडे पाहिलं. आत मंडपात टाळ वाजत होते. म्हाळूने पागोटं काढलं आणि हातात धरलं.

"परवा मारलं, मामा," तो म्हणाला. "लय आळी पडली व्हती. देवाला किडकं कसं द्यावं?"

काखेतले हात सुटले.

बाटली त्याच्या गोठ्यात सापडली. म्हाळूला वाचता येत नाही, म्हणून मी वाचलं. अक्षरं मुंगीएवढी, वर जहाल विषाचा पिवळा त्रिकोण. तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं होतं, आणि तो आकडा दोन नव्हता.

बाबारावांनी शेताच्या कडेला खड्डा काढायला लावला. "शेरडांम्होरं बी टाकू नका," म्हणाले. पोती त्यात पालथी झाली. गाव वरण, पोळी आणि बुंदीवर जेवलं. भाऊसाहेबांनी विषमुक्त अन्नावर वीस मिनिटं भाषण केलं आणि या बाबतीत आपण स्वतः दक्ष असतो, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं.

पंगतीत म्हाळू नव्हता. बाबारावांनी एक ताट वाढून घेतलं, वर दुसरं झाकलं आणि गोठ्याकडे निघाले. मी बरोबर गेलो. वाटेत ते म्हणाले, "तेहतीस वर्सांत पयला अहवाल, मास्तर. हाताहात मिळाला."

त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. ते डोळे पुसत होते.

म्हाळू मेंढरांत पाठ करून बसला होता. "जावा मामा. गावाला ईख घालायला निघालतो मी."

"तू देवाला चांगलं द्यायला निघालतास," बाबाराव म्हणाले. "दिस मोजायचे राहिले. धर, गार व्हायलंय."

लेबलावरचे दिवस भरल्यावर, वर चार दिवस जास्त जाऊ देऊन, म्हाळू बाबारावांच्या दारात आला. मी तिथेच होतो; मला लोणच्यासाठी पंच म्हणून धरून आणलं होतं आणि बाबाराव दुसऱ्या पंचासाठी उंबऱ्यात उभे राहून गल्ली न्याहाळत होते. मुलगा पुण्याला. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. चुलीवर तिघांपुरतं शिजलेलं. हे सगळं मला ठाऊक होतं, रोज दिसत होतं. तरी बरणीला दोन पंच का लागतात, हे मला त्या उंबऱ्याकडे बघताना कळलं.

म्हाळूने टोपली पुढे केली. वांगी छोटी होती, दोन-तीन किडकी.

"फवारणी न्हाई मामा. आळी हाय."

बाबारावांनी वांगी घेतली, फवारणीची तारीख विचारली नाही. म्हाळूने कोनाड्यातला पंचांच्या सह्यांचा कागद पाहिला आणि अंगठा पुढे केला.

"अंगठा कुठं लावू?"

"अंगठा मंग लाव," बाबाराव म्हणाले, आणि सुतळी सरळ तोडून बरणी उघडली. "आदी जेव."