गैरहजर देशाची खुर्ची

डोणगावच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात उत्तमबापू नेहमी दोन चहा मागवतात. एक स्वतःसाठी, दुसरा त्या दिवशी ज्या देशाला शिव्या पडत असतील त्याच्यासाठी. पितात दोन्ही तेच.

बापू निवृत्त लाइनमन. रविवारी विहारात वंदना, रोज हॉटेलात आंतरराष्ट्रीय राजकारण. टीव्हीवर लढाईची बातमी लागली की विचारतात, "त्याहीच्याकडून इथं कोनी हाय काय?" कोणी नसतं. मग ते उठून समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसतात, त्या देशाची बाजू मांडतात आणि परत आपल्या खुर्चीत येऊन ती खोडून काढतात.

"बसल्या जागी बोला नं," हॉटेलवाला देविदास म्हणतो.

"जागा नाही बदलली तर नजर कशी बदलन? सम्यक दृष्टी काय एका डोळ्याची असते?"

चीनची बाजू मांडली, तेव्हा एक जण भडकला. "बापू, तुमी आपले का त्याहीचे?"

"आपलाच. पन तू पेऊन राह्यला तो चहा मुळात कुठून आला बे?"

संयुक्त राष्ट्रांवर मात्र त्यांचा राग आहे. "बुद्धाच्या संघात न्हाव्याले आधी दीक्षा, राजपुत्राहीले मागून. अन् इथं पाच जनाले व्हेटो. व्हेटो म्हंजे निव्वळ अहंकार."

बापूंच्या पत्नी वत्सलाबाई गेल्या वर्षी वारल्या. परवा मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. हॉटेलात रोज त्यांचं ऐकणाऱ्या मला बापूंनी साक्षीदार म्हणून घरी बोलावलं. बैठकीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर वत्सलाबाईंचं घडी घातलेलं लुगडं.

"मी येत नाही," बापू म्हणाले. "इथं विहार हाय, हॉटेल हाय. तिथं मले कोन वयखते?"

मग बापूंनीच विचारलं, "तिच्याकडून इथं कोनी हाय काय?"

ते उठले. लुगडं उचलून मांडीवर घेतलं आणि त्या खुर्चीत बसले. आवाज खाली आला. "जा नं हो आता. रोज जळकी भाकर खाऊन राह्यले, मले दिसत नाही काय?"

परत आपल्या खुर्चीत आले. खोडून काढायला तोंड उघडलं, पण लुगडं अजून हातातच होतं.

"मंग, बाबा?"

"तिच्यापाशी व्हेटो हाय."

"तुमाले तर व्हेटो पटत नाही," मुलगा म्हणाला.

"तिचा पटते." बापूंनी लुगड्याची घडी नीट केली. "तुह्या घरी एक खुर्ची जादा हाय नं?"